दोन गाड्यांमधली मिनिटं : मुंबईच्या नगरसेवकांना एका निवृत्त स्टार्टरचं खुलं पत्र

प्रति,
बृहन्मुंबई महानगरपालिकेचे सर्व २२७ नगरसेवक

सप्रेम नमस्कार.

मी बेस्टच्या वाहतूक खात्यातून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षं झाली. आधी वाहक होतो, मग स्टार्टर. स्टार्टर म्हणजे कोण हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. रेल्वे स्टेशनाबाहेर बेस्टची छोटी चौकी असते ना, तिच्या खिडकीत तक्ता घेऊन बसलेला माणूस. गाडी लागली की वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची आणि पुढची कधी सोडायची ते ठरवायचं. प्रवासी आमच्याशी जन्मात एकच वाक्य बोलतात : "मास्तर, गाडी कधी आहे?" माझी अर्धी नोकरी या प्रश्नाला उत्तर देण्यात गेली. हे पत्रही त्याचंच आहे.

निमित्त शंभरीचं. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मुंबईची पहिली मोटारबस धावली. १५ जुलै २०२६ला त्याला शंभर वर्षं होतात. शंभरी म्हटली की समारंभ आलाच. जुनी तिकिटं काचेखाली लागतील, आणिक आगारातल्या संग्रहालयात शाळांच्या सहली जातील, डबल डेकरचे फोटो सगळे एकमेकांना पाठवतील. मलाही ते आवडेल, मी चष्मा पुसून बघायला येईन. पण फोटोत एक गोष्ट कधीच दिसत नाही, ती म्हणजे ही गाडी गेल्यावर पुढची किती मिनिटांनी आली. आणि बससेवा म्हणजे तेवढंच असतं हो. लाल रंग, घंटी, खिडकीतला वारा हे सगळं नंतरचं.

दोन गाड्यांमधल्या या मिनिटांना कागदावर हेडवे म्हणतात. आम्ही चौकीत गॅप म्हणायचो.

या शहराला गॅपची सवय बसच्या आधी लागली. ९ मे १८७४ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, कुलाब्याहून पायधुणीला. सुरुवातीला भाडं तीन आणे, आणि तिकीट म्हणून कागदच नव्हता. १९०७मध्ये घोडे गेले, वीज आली. मग १९२६ची बस. पहिल्या साडेपाच महिन्यांत सहा लाख माणसं बसली, पुढच्या वर्षी अडतीस लाख. बस ही जरा बऱ्या लोकांची सोय, साध्या माणसाने ट्रामनेच जावं, असा सुरुवातीला समज होता. १९३४मध्ये बस शहराच्या उत्तर भागात गेली, १९३७मध्ये डबल डेकर आली, १९४०मध्ये कुलाबा ते माहीम ही पहिली मर्यादित, म्हणजे मोजक्याच थांब्यांची, गाडी धावली. ७ ऑगस्ट १९४७ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, ट्राम आणि बस चालवणारी कंपनी महापालिकेने आपल्या ताब्यात घेतली. ही तारीख मी मुद्दाम सांगतोय. तेव्हापासून ही बस तुमची आहे. माझ्यासारख्यांना पगार बेस्टने दिला, पण मालक तुम्ही.

३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. त्यानंतर लोकल जिथे सोडते तिथून घरापर्यंतचं अंतर बसवर आलं. मुंबईचा माणूस बसने फार लांब जात नाही. कुर्ल्याला उतरतो आणि ३१० पकडून वांद्र्याच्या बाजूला कचेऱ्यांत जातो. सीएसएमटीला उतरतो, १३८ पकडतो. मालाडहून २७१ मढच्या जेट्टीकडे, सांताक्रूझहून २३१ जुहूला. चार-पाच किलोमीटर, फार तर दहा. आता सांगा, वीस मिनिटांच्या प्रवासासाठी माणूस किती वेळ रांगेत उभा राहील? पुण्या-नाशिकच्या एसटीला अर्धा तास थांबणं वेगळं. इथे दहा मिनिटं झाली की त्याची मान रिक्षाकडे वळते. मी खिडकीतून ती मान वळताना हजारो वेळा पाहिली आहे. आधी घड्याळ, मग रस्त्याचं टोक, मग पुन्हा घड्याळ, मग रिक्षा. शेअर रिक्षा बसपेक्षा महाग पडते, कोंबून बसवते, पण ती समोर उभी दिसते. माणूस त्या दिसण्याचे पैसे देतो.

आता थोडं गणित. घाबरू नका, चौकीतलं गणित आहे, पाचवीच्या मुलाला जमेल.

समजा एका मार्गावर गाडीला जाऊन येऊन, दोन्ही टोकांचं चालक-वाहकाचं चहापाणी धरून, शंभर मिनिटं लागतात. तुमच्याकडे वीस गाड्या आहेत. दर पाच मिनिटांनी एक सुटते. झकास. मग रस्त्यावर खोदकाम निघतं, दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या राहायला लागतात, स्टेशनाजवळचा अर्धा रस्ता धंद्यात जातो आणि शंभराची दीडशे मिनिटं होतात. गाड्या वीसच आहेत. गॅप झाली साडेसात. एकही गाडी कमी केलेली नाही, एकाही चालकाने दांडी मारलेली नाही, वेळापत्रकाच्या वहीत सगळं जागच्या जागी, आणि तरी दर तीन गाड्यांमागे एक गायब! ती परत आणायची तर वीसच्या तीस गाड्या लागतील. वरच्या दहा गाड्या, दोन-दोन पाळ्यांचे चालक-वाहक, आगारात त्यांना उभं राहायला जागा, विजेवरच्या असतील तर चार्जिंगची सोय. हा सगळा खर्च रस्ता अडल्याचा आहे, पण तो लिहिला जातो बसच्या खात्यावर. मग वर्षाच्या शेवटी बेस्ट तोट्यात आणि तिला पोसणारे तुम्ही दानशूर.

हे नुसतं सरासरीचं झालं. खरा घोळ पुढे आहे. बसथांब्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाने एकदा तरी रागाने म्हटलंय, "अर्धा तास एक नाही आणि आता तीन एकदम!" लोकांना वाटतं, चालक कुठेतरी टपरीवर गप्पा मारत बसले होते आणि घोळक्याने निघाले. तसं नसतं. पाच मिनिटांची गॅप चालू आहे. एका गाडीला सिग्नलला तीन मिनिटं उशीर झाला. पुढच्या थांब्यावर पाच मिनिटांची माणसं साठायची, तिथे आठ मिनिटांची साठली. ती चढायला वेळ, सुट्ट्या पैशांना वेळ, दार लावायला वेळ. उशीर आणखी वाढला. मागच्या गाडीसमोर मात्र दोनच मिनिटांची माणसं. ती हलकी, थांब्यावर टेकते न टेकते तोच निघते. तीन-चार थांबे गेले की दोघी सख्ख्या बहिणींसारख्या एकीमागे एक. पुढची ओसंडून वाहतेय आणि मागचीत निम्म्या जागा रिकाम्या. कुणाचीच चूक नाही. जितक्या गाड्या दाट, तितकं हे लवकर होतं. म्हणून दाट गाड्यांच्या मार्गावर वेळापत्रक सांभाळण्यापेक्षा दोन गाड्यांमधलं अंतर सांभाळावं लागतं. सात वाजून बारा मिनिटांची गाडी बाराला सुटली की चौदाला, हे प्रवाशाच्या खिजगणतीतही नसतं. तिच्या पुढची कधी गेली हे त्याला बरोबर कळतं.

आणि नुकसान किती, तेही बघा. तासाला सहा गाड्या दहा-दहा मिनिटांनी आल्या, तर कुठल्याही वेळी थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटं उभं राहावं लागतं. त्याच सहा गाड्या वीस-वीस मिनिटांनी जोडीने आल्या तर सरासरी दहा. सभागृहात कुणी प्रश्न विचारला तर उत्तर दोन्ही वेळा एकच येणार, "तासाला सहा फेऱ्या." उत्तर खरं, आणि रांगेतला माणूस दुप्पट वेळ उभा.

मी स्वतः हे शिकलो ते शेण खाऊन. स्टार्टर होऊन नवीनच होतो. पावसाळ्यातली संध्याकाळ, लोकलमागून लोकल रिकामी होतेय, रांग लोखंडी पाइपांच्या बाहेर वळसा घालून पानवाल्यापर्यंत गेलेली. छत्र्यांचं पाणी एकमेकांच्या पायांवर. लोक ओरडायला लागले. तेवढ्यात दोन गाड्या पाठोपाठ लागल्या. मी घाबरलो आणि दोन्ही एकदम सोडल्या. रांग अर्धी झाली, कुणीतरी "शाब्बास मास्तर" म्हटलं, मीही खूश. पण सोडायला आता गाडीच नाही. तक्त्यावरची पुढची जागा पंचवीस मिनिटं कोरी राहिली, आणि दुसऱ्या टोकालाही त्या दोघी जोडीनेच पोचल्या, तिथूनही जोडीनेच निघाल्या. रात्री दहापर्यंत तो मार्ग सुधारला नाही. ज्यांच्या हाताखाली मी शिकत होतो ते जुने गृहस्थ दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एवढंच म्हणाले, "रांगेकडे बघून गाडी सोडू नकोस. रस्त्याकडे बघून सोड." मग त्यांनी तक्त्यावर पेन्सिलीने दाखवलं. दोन गाड्या एकदम आल्या तर दुसरी रोखायची, लोकांच्या शिव्या खायच्या. फारच मोठी फट पडली असेल तर येणारी एखादी गाडी मधूनच वळवून उलट दिशेला भरायची. उतरवलेले प्रवासी तुमच्या सात पिढ्या काढतात, पण पलीकडच्या थांब्यांवरची शंभर माणसं घरी जातात. त्यांना तुमचं नाव कधी कळत नाही. हे काम असंच आहे.

आता जीपीएस आहे. 'चलो' ॲपवर गाडी नकाशावर सरकताना दिसते. आमच्या वेळी पुढच्या चौकीला फोन लावून "निघाली का रे?" विचारावं लागायचं. यंत्र आलं याचा मला आनंदच आहे. पण नकाशावर गाडी दिसणं आणि ती रोखायचा किंवा वळवायचा अधिकार असलेला माणूस तिथे असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस मिनिटांनी येणारी गाडी मोबाइलवर दिसली तरी ती वीस मिनिटांनीच येते.

इथे जरा डबल डेकरबद्दल बोलतो, कारण शंभरीत सगळ्यात जास्त गळे तिच्या नावाने दाटून येणार आहेत. १५ सप्टेंबर २०२३ला जुन्या डिझेलच्या डबल डेकरची शेवटची फेरी झाली, अंधेरी पूर्वेला, सीप्झच्या मार्गावर. लोकांनी हार घातले, केक कापला. खरं सांगू? मला वाईट वाटलं ते दोन वाहकांपैकी वरच्याचं काम गेलं म्हणून. वरच्या मजल्यावर उभ्याने तोल सांभाळत तिकिटं फाडणं ही कला होती. पण स्टार्टर म्हणून विचाराल तर दहा मिनिटांनी एक डबल डेकर येण्यापेक्षा पाच मिनिटांनी एक साधी गाडी केव्हाही बरी. डबल डेकर भरायला आणि रिकामी व्हायला वेळ खाते. जिथे गॅप आधीच इतकी कमी आहे की आणखी गाड्या घुसवायला रस्त्यात जागाच नाही, तिथे ती शोभते. सीएसएमटी ते एनसीपीए या छोट्या मार्गावर विजेवरची वातानुकूलित डबल डेकर फेब्रुवारी २०२३मध्ये आणली, ती जागा योग्य होती. बाकी ठिकाणी ती हौस आहे. माझं हे मत ऐकून घरात नातू रुसला होता.

भाड्याकडे येऊ. ९ जुलै २०१९ला कमीत कमी भाडं आठ रुपयांवरून पाचवर आणलं. पाच किलोमीटरपर्यंत पाच रुपये, वातानुकूलित गाडीला सहा. प्रवासी परत आले. ज्यांनी पाच-पाच वर्षं बसमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं तेही आले. त्याच सुमारास कामगार संघटनेबरोबर करार झाला की बेस्टच्या स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम ठेवायच्या. त्याआधी जानेवारी २०१९मध्ये नऊ दिवस संप झाला होता, त्याच्या पाठोपाठचा हा करार. पुढे काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जुन्या गाड्या भंगारात गेल्या, त्यांच्या जागी स्वतःच्या नव्या आल्या नाहीत, आणि स्वतःच्या गाड्यांचा आकडा शेकड्यांत मोजण्याइतका खाली आला. बाकीच्या भाडेतत्त्वावरच्या. एके काळी साडेचार हजारांच्या आसपास असलेला एकूण ताफा २०२५मध्ये तीन हजारांच्या खाली होता. म्हणजे भाडं कमी करून माणसं बोलावली आणि त्यांना न्यायला गाड्या कमी ठेवल्या. लग्नाला गाव बोलावून पंगतीला पत्रावळी कमी पडाव्यात तसं.

मग ९ मे २०२५ला भाडं पाचचं दहा झालं, वातानुकूलितचं सहाचं बारा. (ट्राम सुरू झाली तीही ९ मेलाच. तारीख ठरवणाऱ्याच्या हे ध्यानात होतं की नाही, देव जाणे.) भाडेवाढीविरुद्ध मी हे पत्र लिहीत नाहीये. दहा रुपये देऊन पाच मिनिटांत गाडी मिळणार असेल तर माझ्या ओळखीतली धुणीभांडी करणारी बाईसुद्धा दहा देईल. तिला दिवसात चार घरं गाठायची असतात, तिचा वेळ तुमच्या-माझ्यापेक्षा महाग आहे. दहा रुपये देऊन पाच रुपयांएवढीच वाट बघायला लावली की माणूस बस सोडतो, आणि एकदा सोडली की सहसा परतत नाही. पुण्यात पीएमपीने २०२०मध्ये 'अटल' या नावाने पाच किलोमीटरला पाच रुपये, दर पाच मिनिटांनी गाडी, अशी सेवा काढली होती. नाव काहीही द्या, त्या तीन पाचांतला तिसरा पाच सगळ्यात अवघड असतो. पहिले दोन तुम्ही ठराव करून आणू शकता. तिसरा रोज पहाटेपासून रात्रीपर्यंत रस्त्यावर मिळवावा लागतो.

भाडेतत्त्वाच्या गाड्यांचं थोडं. गाडी आणि चालक कंत्राटदाराचा, वाहक आणि तिकिटाचे पैसे बेस्टचे, आणि कंत्राटदाराला मोबदला किलोमीटरवर. किलोमीटर मोजायला सोपं, म्हणून ते मोजतात. पण विचार करा, दोन गाड्या जोडीने धावल्या तरी किलोमीटर पूर्ण भरतात. रिकामी गाडी भरलेल्या गाडीच्या शेपटाला लागून आली तरी पैसे तेवढेच. अंतर राखल्याबद्दल कुणाला छदाम मिळत नाही आणि मोडल्याबद्दल कुणाचा कापला जात नाही. चालकाचा पगार तर त्याहून खालच्या पायरीवर. ऑगस्ट २०२३मध्ये या चालकांनी पगारासाठी काम थांबवलं आणि जवळजवळ आठवडाभर निम्मं शहर थांब्यांवर उभं होतं. पुढचे करार तुमच्यासमोर येतील तेव्हा एवढं बघा की त्यात गॅपला काही किंमत लावली आहे का.

आता ज्याच्यासाठी हे पत्र बेस्टच्या साहेबांऐवजी तुम्हाला लिहिलं, ते.

स्टार्टरच्या हातात गाडी असते, रस्ता नसतो. बेस्टच्याही हातात रस्ता नाही. तो तुमच्या हातात आहे. कुठे खोदायचं, कधी बुजवायचं, कुठे वाहनतळ द्यायचा, स्टेशनाबाहेर कोणाला बसू द्यायचं आणि त्यांना पर्यायी जागा कुठे द्यायची, हे महापालिका ठरवते. पोलीस राज्याचे, पण पट्टे तुम्ही रंगवता. माझ्या अंदाजाने दाट गाड्यांच्या मार्गावर जी मिनिटं वाया जातात त्यातली बरीचशी दोन्ही टोकांच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरमध्ये जातात. गाडी चार किलोमीटर बरी येते आणि स्टेशन समोर दिसत असताना दहा मिनिटं अडकते. प्रवासी चालकाला म्हणतात, "दार उघडा, चालत जातो." तो उघडतो. पाठीवर पिशव्या लावून माणसं गाड्यांमधून वाट काढत स्टेशनाकडे जातात आणि गाडी तशीच रिकामी उभी. तिला वळून परतीची फेरी घ्यायची असते. पलीकडच्या टोकाला स्टार्टर तिच्या नावापुढे वेळ लिहायला पेन्सिल धरून बसलेला असतो.

मुंबईत बससाठी वेगळी मार्गिका आखायचे प्रयोग मधूनमधून झाले. रंग उडाला तशा त्या मार्गिकाही उडाल्या. सागरी किनारा रस्त्याच्या आराखड्यात बससाठी स्वतंत्र मार्गिका दाखवली होती, ती आठवते का तुम्हाला? या एका रस्त्यावर आपण हजारो कोटी घातले. २०२५-२६च्या ७४,४२७ कोटींच्या अर्थसंकल्पात बेस्टला एक हजार कोटी दिले. शंभर रुपयांतले एक रुपया चौतीस पैसे. मी आणखी पैसे मागायला आलेलो नाही, मागणारे पुष्कळ आहेत. मी अर्धा किलोमीटर मागतोय.

कुर्ल्याचं लिहू की नको, याचा बराच विचार केला. ९ डिसेंबर २०२४च्या रात्री ३३२ क्रमांकाची विजेवरची गाडी कुर्ला स्टेशनाकडच्या गर्दीच्या रस्त्यावर माणसांत घुसली. जीव गेले. ज्याने आयुष्यभर अशाच रस्त्यांवर गाड्या सोडल्या त्याला त्या रात्री झोप लागत नाही. चौकशा, खटले आपापल्या जागी होवोत. मला भीती दुसरीच आहे. अशा वेळी सगळ्यात सोपा उपाय सुचतो, तो म्हणजे गाडी स्टेशनापर्यंत आणूच नका, लांब कुठेतरी थांबवा. गाडी लांब थांबली की म्हातारी माणसं, पोरं कडेवर घेतलेल्या बाया आणि ओझेवाले त्याच गर्दीतून पायी जातात. गर्दी तशीच राहते, फक्त बस तिच्यात नसते. रस्ता माणसांसाठी आणि बससाठी मोकळा करायचं काम लांबणीवर टाकून गाडीलाच हद्दपार करणं मला पटत नाही. चालकांना नव्या गाडीचं पुरेसं शिक्षण द्या, सावकाश चालवायला लावा, पण तिला स्टेशनाशी येऊ द्या.

मेट्रोचा मुद्दा कुणीतरी काढणारच. ८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरी-घाटकोपरची ३४०, जी एके काळी आमच्यातल्या भल्याभल्यांना घाम फोडायची, तिचं ओझं उतरलं. चांगलंच झालं. ऑक्टोबर २०२५मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रोही पूर्ण झाली. पण मेट्रो जमिनीखालून माणसं वर आणते आणि रस्त्यावर सोडते. तिथून पुढे तेच, आधी घड्याळ, मग रस्त्याचं टोक. मेट्रो जितकी दाट धावेल तितकी तिच्या दारातली बस दाट लागेल. दर काही मिनिटांनी गाडी येणाऱ्या स्टेशनाबाहेर अर्ध्या तासाने बस, हे सोवळ्यात जेवून ओवळ्यात हात पुसण्यासारखं आहे.

माझं मागणं फार नाही. शहरातले दहा-बारा मार्ग निवडा. कोणते, ते वाहतूक खातं एका दुपारात सांगेल, त्यांना सगळं पाठ आहे. हे बहुतेक छोटे, स्टेशनाला जोडलेले असतील. त्या मार्गांच्या खांबावर क्रमांकाखाली लिहा, "दर ६ मिनिटांनी", किंवा जे झेपेल ते. पण जे लिहाल ते पहाटेपासून रात्री अकरापर्यंत पाळा. या मार्गांच्या गाड्या मोर्चाला, सभेला, कुणाच्या लग्नाला काढून द्यायच्या नाहीत. सुटीच्या दिवशी अर्ध्या करायच्या नाहीत. त्यांच्या दोन्ही टोकांचा अर्धा किलोमीटर मोकळा ठेवायची जबाबदारी त्या-त्या प्रभागाच्या नगरसेवकावर, नावानिशी. आणि जीपीएसची नोंद आहेच, तर दर महिन्याला सभागृहात फेऱ्यांचा आकडा मांडण्याऐवजी हे मांडा की या महिन्यात किती वेळा दोन गाड्यांमध्ये दुपटीहून जास्त अंतर पडलं, आणि कुठे. एका पानात बसेल. पहिल्या महिन्यात ते पान वाचून लाज वाटेल. वाटू द्या.

रात्रीचं विसरू नका. दाट गाड्या म्हटलं की सगळे सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहाचं बोलतात. रात्री साडेदहाला रांगेत दहाच माणसं असतात, म्हणून गॅप वाढवतात. पण त्या दहांत रुग्णालयातून पाळी संपवून निघालेली परिचारिका असते, हॉटेलातला पोऱ्या असतो, मॉलमधल्या दुकानातली पोरगी असते जी एका हाताने फोन कानाला लावून घरी सांगत असते, "हो, बसस्टॉपवरच आहे, येतेच आहे." माझ्या खिडकीपाशी, दिव्याच्या उजेडात, म्हणून उभी राहायची. मी शेवटची गाडी सुटेपर्यंत चौकीचा दिवा मालवत नसे. नियमात नव्हतं, पण करायचो.

ऑक्टोबर २०२०मध्ये लोकल सर्वांना खुल्या नव्हत्या, तेव्हा राज्यभरातून एसटीच्या शेकडो गाड्या मुंबईत आणून बेस्टच्या मार्गांवर धावल्या. गावाकडच्या चालकांना इथले मार्ग माहीत नव्हते, म्हणून आमची माणसं पुढे उभी राहून वाट दाखवायची. त्याआधी, कडक टाळेबंदीत, रस्ते रिकामे होते. त्या काळात जुने सहकारी फोनवर सांगायचे की गाड्या अशा वेळेवर येतायत की तक्ता बघायचं काम उरलं नाही. महामारीत का होईना, रस्ता मोकळा असला की दोन गाड्यांमधलं अंतर आपोआप राहतं, हे या शहराने डोळ्यांनी पाहिलंय.

एक विनंती करून थांबतो. १५ जुलैच्या समारंभाला जायच्या आधी, तुमच्या प्रभागातल्या कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या चौकीजवळ एक संध्याकाळ उभे राहा. साडेपाच ते साडेसात. गाडी, सुरक्षारक्षक, कार्यकर्ते नकोत. एक कागद घ्या, एकाच मार्गाच्या गाड्या लागल्याची वेळ लिहा आणि शेजारी मधली मिनिटं. वजाबाकी करायला कुणी लागलं तर मला बोलवा. सध्या मला संध्याकाळी काही काम नसतं, आणि पेन्सिल अजून तीच आहे.

आपला,
एक निवृत्त स्टार्टर
वाहतूक खातं